क्रोनेरचे हात

नाताळच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरमालकांनी दार वाजवलं. आम्हा दोघांना येईल अशी एकही भाषा नव्हती, म्हणून त्यांनी हातानेच ‘चल खाली’ म्हटलं आणि वळले. मला स्लोव्हाकियातल्या नित्राला येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. खाली बैठकीत टीव्ही चालू, टेबलावर आंबवलेल्या कोबीचं वाफाळतं सूप, आणि म्हातारा-म्हातारी दोघंही पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधीच हसत होती. दिवाळीत टीव्हीवर तोच तो जुना विनोदी पिक्चर लागला की आपल्याकडे घरातलं कुणीतरी पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकतं ना, अगदी तसं.

पडद्यावर एक दरोडेखोर होता. आता स्लोव्हाक दरोडेखोर म्हटला की तो यानोशिक. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा, १७१३ साली फाशी गेलेला, गाण्यांत आणि चित्रांत उंचापुरा, देखणा. हा मात्र पन्नाशी ओलांडलेला, चेहरा चारचौघांसारखा, डोळ्यांखाली पिशव्या. आपल्यामागे टोळी का लागली आहे हे त्याचं त्यालाच नीट कळलेलं नाही असा एकंदर अवतार. मला एक शब्द कळत नव्हता आणि तरी मी हसत होतो. मध्येच तो माणूस नुसता थांबायचा, समोरच्याकडे बघायचा, मग खांदा किंचित हलवायचा. बस्स, एवढंच.

‘कोण हा?’ मी फोनमधल्या भाषांतरयंत्राला विचारायला लावलं. घरमालक म्हणाले, ‘क्रोनेर.’ मग छातीवर हात ठेवून, ‘नाश.’ आमचा. मग बोट वर करून एक शब्द म्हणाले जो मला भाषांतराशिवाय कळला: ‘ऑस्कर.’

मला वाटलं म्हातारबुवा थोडे प्यायलेत. ते प्यायले होतेच, पण खरंही बोलत होते.

इथे आधी माझं थोडं सांगतो, नाहीतर चिंचवडचा एक इंजिनिअर एका स्लोव्हाक नटाच्या मागे का लागला ते कळणार नाही. नित्राजवळ जग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ साली सुरू झाला. कंपनी २००८ पासून टाटांची, त्यामुळे या गावात अधूनमधून मराठी कानावर पडतं. मी त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांपैकी एकाकडे आहे. पण त्याआधी, म्हणजे पंचविशीपर्यंत, मी स्वतःला नट समजत होतो. कामगार नाट्यस्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, एकांकिकांच्या स्पर्धा. माझ्या वाट्याला हमखास विनोदी गडी यायचा आणि मी हमखास जास्त करायचो. दिग्दर्शक विंगेतून दोन बोटं जवळ आणून दाखवायचा: कमी कर, कमी कर. वडील, म्हणजे आमचे अण्णा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. तेही हौशी नट, माझ्यापेक्षा पुष्कळ बरे. शिफ्ट संपवून तालमीला जायचे, तोंडाला रंग लावायच्या आधी हात रॉकेलने पुसायचे.

म्हणून त्या रात्री घरी येऊन मी क्रोनेरबद्दल शोधत बसलो, आणि पहिल्याच पानावर थबकलो. योझेफ क्रोनेर. जन्म २० मार्च १९२४, गाव स्ताश्कोव. वडील रेल्वेत. आणि तरुणपणी हा पोवाझ्स्का बिस्त्रित्साच्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात नोकरी करत होता आणि तिथल्या हौशी मंडळीत नाटकं करत होता.

मी अण्णांना तेव्हाच मेसेज टाकला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उत्तर आलं: ‘मग? आमच्या खात्यात पण चार जण होते.’

(यापुढे मी क्रोनेरला अरे-तुरेच करणार आहे. आवडत्या नटाला अहो-जाहो करायला लागलो की तो पुरस्कार समारंभात जाऊन बसतो.)

स्ताश्कोव उत्तरेला किसुत्से भागात आहे. चादत्सा नावाचं जंक्शन, तिथून माकोवकडे जाणारी एक छोटी रेल्वेची फांदी, तिच्यावरचं हे गाव. चेक आणि पोलिश सीमा जवळ, डोंगरउताराची कमअस्सल जमीन, जुन्या काळी पोटासाठी बाहेर पडणाऱ्यांचा मुलूख. मी तिकडून एकदा गाडीने गेलो आहे. दोन्ही बाजूंना फरची झाडं, मधल्या पट्टीत रूळ, रस्ता आणि नदी एकमेकांना खेटून चाललेली. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत जायचा तसा इथला माणूस जिथे मजुरी मिळेल तिथे जायचा. अशा ठिकाणच्या रेल्वेवाल्याच्या पोरानं नट व्हावं असं कुणाच्या डोक्यात येणं कठीण. पण या घरात ते दोघांच्या डोक्यात आलं. धाकटा भाऊ ल्युदोवित हाही पुढे नटच झाला.

क्रोनेरनं नाट्यशिक्षण घेतलं नाही. १९४८ मध्ये तो मार्तिन या गावच्या व्यावसायिक नाटक कंपनीत शिरला आणि आठ वर्षं तिथे राहिला. मार्तिन हे स्लोव्हाक लोकांच्या मनात आपल्याकडच्या सांगलीसारखं आहे. गाव मोठं नाही, पण भाषेचा आणि संस्थांचा इतिहास तिथे दाटलेला. मातित्सा स्लोव्हेन्स्का ही त्यांची जुनी सांस्कृतिक संस्था तिथलीच. तिथेच तेरेझिया हुर्बानोवा ही नटी त्याची बायको झाली आणि १९५२ मध्ये तिथेच त्यांना मुलगी झाली, झुझाना. तिच्याकडे मी नंतर येतो. १९५६ पासून तो ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हाक राष्ट्रीय रंगभूमीच्या नाट्यविभागात. म्हणजे सिनेमानं त्याला जगभर नेलं त्याआधी हा गडी सतरा-अठरा वर्षं रोज संध्याकाळी रंगमंचावर उभा राहिलेला होता, त्यातली बहुतेक वर्षं विनोदी आणि दुय्यम माणसं करत. योझेफ होलीच्या ‘कुबो’ या गावरान प्रहसनातला भोळसट पोरगा ही त्याची इथल्या लोकांच्या तोंडी असलेली भूमिका. तो कुबो मी अर्धाच पाहिला. बोली इतकी जाड आहे की भाषांतरयंत्रानं हात टेकले.

आता ऑस्करची गोष्ट.

चित्रपटाचं नाव ‘ओपखोद ना कोर्झे’. कोर्झो म्हणजे संध्याकाळी गावातली माणसं चांगले कपडे घालून फेऱ्या मारतात तो रस्ता, आणि त्या रस्त्यावरचं दुकान. दिग्दर्शक दोघे, यान कादार आणि एल्मार क्लोस. कथा लादिस्लाव ग्रोसमानची. १९६५ साली आला, आणि १९६६च्या एप्रिलमध्ये सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. चेकोस्लोव्हाकियाचं ते पहिलं. त्याआधी कान महोत्सवात क्रोनेर आणि त्याची सहनटी इडा कामिन्स्का यांच्या अभिनयाची ज्युरीनं खास दखल घेतली होती.

काळ १९४२चा. तेव्हा स्लोव्हाकिया हे नावापुरतं स्वतंत्र राष्ट्र होतं, हिटलरच्या पंखाखालचं, आणि त्याचा राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो हा चक्क कॅथलिक पाद्री. ज्यूंची दुकानं कायद्यानं काढून ‘आर्य’ माणसांना दिली जात होती. त्या वर्षीच्या २५ मार्चला पोप्रादहून ज्यू मुलींनी भरलेली पहिली गाडी आउशविट्झच्या नाझी छळछावणीला गेली आणि ऑक्टोबरपर्यंत सुमारे ५८ हजार माणसं देशाबाहेर पाठवली गेली. दर माणशी ५०० मार्क जर्मनीला द्यायचे असा करार होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उलटा वाचला. मला वाटलं जर्मनीनं दिले. नाही. स्लोव्हाक सरकारनं दिले, आपलीच माणसं न्यायला.

आता यात टोनो बर्तको. सुतार. बेकार, कारण गावच्या चौकात फॅसिस्टांचा जो लाकडी मनोरा उभा राहतोय त्यावर काम मागायला त्याचा स्वाभिमान आड येतो. मनोऱ्याच्या कामावर हुकमत साडूची, आणि हा साडू कोलकोत्स्की गावचा नवा बडा अधिकारी झालेला. बायको एवेलिना दिवसभर टोचून खाते. एका रात्री साडू दारू, खाऊ आणि एक कागद घेऊन येतो. कागदावर लिहिलंय की विधवा रोझालिया लाउटमान हिचं बटणांचं दुकान आजपासून बर्तकोच्या ताब्यात.

बर्तको रुबाबात दुकानात जातो. म्हातारी जवळजवळ ठार बहिरी. कागद वाचायला तिला चष्मा सापडत नाही. बाहेर युद्ध चालू आहे हेही तिला धड ठाऊक नाही. तिला वाटतं, पोरगा मदतनीस म्हणून आलाय. आणि दुकानात विकण्यासारखं काहीच नाही. म्हातारी गावातल्या ज्यू मंडळींनी दिलेल्या पैशांवर जगतेय. मग तीच मंडळी बर्तकोलाही पगार ठरवतात. तू इथे बस, म्हणजे तुझ्या जागी कुणी खराखुरा लांडगा येणार नाही. झालं. ‘मालक’ नोकर होतो, बायकोला सांगतो दुकान जोरात चाललंय, आणि दिवसभर म्हातारीची मोडकी खुर्ची-कपाटं दुरुस्त करत बसतो.

हा सगळा भाग विनोदी आहे. खरोखर, पोटभर विनोदी. आणि इथेच मला माझा तो विंगेतला दिग्दर्शक आठवला. क्रोनेर विनोद ‘करत’ नाही. तो काम करत असतो. त्याच्या हातात सतत काहीतरी असतं, हत्यार, खोका, लाकडाचा तुकडा, आणि ते हात त्या वस्तूला ओळखतात. बोलणं, रागावणं, घाबरणं हे सगळं हातातलं काम न थांबवता चाललेलं असतं. म्हातारी नवऱ्याचा जुना सूट आणि हॅट त्याला देते तेव्हा तो चॅप्लिनसारखा दिसायला लागतो, आणि दुसरा एखादा नट त्या सूटच्या जोरावर टाळ्या काढून मोकळा झाला असता. हा सूट घालून अवघडून उभा राहतो. घातला म्हणजे कुठे टाचलंय, कुठे घट्ट होतंय, हे त्याच्या खांद्यांना कळतंय.

आपल्याकडे निळूभाऊ फुले आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे हे मला आधीपासून माहीत होतं. पण त्यांच्या पडद्यावरच्या बसण्या-उठण्याशी ते मी कधी जोडलं नव्हतं. क्रोनेर पाहिल्यावर जोडलं. ज्यानं कुठेतरी हजेरी लावून काम केलंय त्याच्या अंगात एक सवय असते, वस्तूला उगाच हात न लावायची. लावला तर कामापुरता.

ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडावेत.

एके सकाळी चौकात ज्यू कुटुंबांना गोळा करतात. भोंग्यातून नावं पुकारली जातायत. दुकानाच्या काचेतून ते सगळं दिसतंय, आणि आत बर्तको आणि म्हातारी. तिचं नाव पुकारलं गेलेलं नाही, यादीतून सुटलंय. म्हणजे ती वाचली? की बर्तकोनं ज्यू लपवला म्हणून तो गेला? ज्यूंना मदत करणाऱ्याला तेव्हा ‘पांढरा ज्यू’ म्हणायचे, आणि त्याच्या ओळखीच्या अशा एका माणसाची काय गत झाली हे त्यानं नुकतंच पाहिलंय. तो पितो. तिला वाचवू म्हणतो, पितो. तिला बाहेर काढू म्हणतो, पुन्हा पितो. तिला तोपर्यंत काहीच कळलेलं नाही, आज शनिवार, शब्बाथ, दुकान बंद असायला हवं एवढंच ती जाणते. मग तिलाही कळतं.

या भागात त्याचे हात मोकळे आहेत. पहिल्यांदाच. इतका वेळ ज्या हातांना कायम काम होतं ते आता बाटली धरतात, सोडतात, दाराच्या कडीकडे जातात, परत येतात, म्हातारीचे दंड पकडतात. त्या हातांना काय करावं हे समजत नाहीये. घाबरून तो तिला आतल्या कोठीत ढकलतो, दार लावतो. चौक रिकामा होतो. संकट टळलं. तो दार उघडतो तर ती मेलेली.

मग तो स्वतःला फास लावून घेतो, आणि त्यानंतरचा शेवटचा प्रसंग असा आहे की ते दोघंही सुंदर कपडे घालून, उन्हात, बँडच्या तालावर त्याच रस्त्यावर नाचत जातायत. स्वप्नासारखं. काहींना हा शेवट गोडगोड वाटतो. मला पहिल्यांदा वाटला. दुसऱ्यांदा पाहताना मी नाचणाऱ्या क्रोनेरकडे न बघता मागच्या रिकाम्या चौकाकडे बघत राहिलो, आणि मग तो अजिबात गोड वाटला नाही.

बर्तको दुष्ट नाही हे सगळेच लिहितात. मला ते पुरेसं वाटत नाही. तो चांगलाही नाही. त्याला पगार आवडतो, बायकोची टोचणी बंद झालेली आवडते, म्हातारी आवडते, आणि यातलं काहीच सोडायची त्याची तयारी नाही. क्रोनेर त्याला क्षणभरही माफ करत नाही आणि क्षणभरही त्याच्यापासून लांब उभा राहत नाही. विनोदी नटालाच हे जमतं असं मला हल्ली वाटायला लागलंय. गंभीर भूमिकांवर पोसलेला नट असता तर त्यानं पहिल्या रिळापासून चेहऱ्यावर नियती वागवली असती.

हा चित्रपट करताना क्रोनेर चाळिशीचा होता, कामिन्स्का त्याच्याहून पंचवीस वर्षांनी मोठी. ती वॉर्सामधल्या ज्यू रंगभूमीची सर्वेसर्वा, यिद्दिश नाटकवाल्यांच्या घराण्यातली. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. १९६८ मध्ये पोलंडमधल्या ज्यूविरोधी लाटेत तिला देश सोडावा लागला. दिग्दर्शक कादारचे आईवडील आणि बहीण आउशविट्झमध्ये गेले होते. त्यानंही १९६८ नंतर अमेरिका गाठली. साडू झालेला फ्रान्तिशेक झ्वारीक आणि पडद्यावरची त्याची बायको हे खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. ही माहिती मला घरमालकिणीनं दिली, तीही ‘ते लग्न चांगलं टिकलं’ या शेऱ्यासकट.

चित्रीकरण साबिनोवला झालं, पूर्वेला, प्रेशोवच्या पुढे. गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेलो. नित्राहून गाडीनं चार-पाच तास, मी वाटेत थांबत गेलो म्हणून सहा लागले. लांबट चौक, मधोमध जुनं चर्च, दोन्ही बाजूंना बुटकी घरं. चित्रपटातला मनोरा अर्थातच नाही, तो लाकडी देखावा होता. तरी नजर त्याच जागी जाते. मी चर्चसमोरच्या बाकावर बसून फोनवर शेवटचा प्रसंग लावला आणि घरांच्या ओळी जुळवायचा प्रयत्न केला. शेजारी आइस्क्रीम खाणाऱ्या दोन पोरी बघत होत्या. त्यांना मी पडदा दाखवला. एक म्हणाली, शाळेत दाखवलाय. दुसरी म्हणाली, आजी यात गर्दीत आहे म्हणते, पण आम्हाला कुणालाच ती सापडलेली नाही. मी घरी येऊन ती गर्दी दोनदा पाहिली. कुठली आजी ते मला कसं कळणार, पण पाहिली.

ऑस्करनंतर काय? इथे आपल्या मनात एक ठरलेली कथा असते: हॉलिवूड, नाहीतर शोकांतिका. क्रोनेरच्या बाबतीत दोन्ही नाही. तो ब्रातिस्लाव्हातच राहिला, नाटकं करत राहिला, टीव्हीवर दिसत राहिला. १९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले, पुढची वीस वर्षं सगळं कडेकोट झालं, पुष्कळांची कामं बंद झाली, पुष्कळ देश सोडून गेले. तो गेला नाही. हंगेरियन दिग्दर्शकांनी मात्र त्याला उचलून धरलं. कारोय माक्कच्या १९८२च्या चित्रपटात तो बुडापेस्टमधल्या एका वर्तमानपत्राचा संपादक आहे, १९५६चा उठाव चिरडल्यानंतरच्या दिवसांतला. प्रामाणिक राहायचंय आणि पेपरही चालू ठेवायचाय अशा कात्रीतला माणूस. बर्तकोचाच शिकलेला चुलतभाऊ म्हणा हवं तर. आवाज दुसऱ्याचा आहे हे पाहताना कळतं, आणि तरी काही बिघडत नाही.

मग १९८३चा युराय याकुबिस्कोचा ‘हजार वर्षांची मधमाशी’. मला तो चित्रपट पूर्ण आवडत नाही, याकुबिस्कोला दर पाच मिनिटांनी जादू दाखवायची हौस फार. पण क्रोनेर त्यात मार्तिन पिखांदा नावाचा म्हातारा गवंडी आहे, मधमाश्या पाळणारा, पोराबाळांचा, खाण्यापिण्याचा, आयुष्याला कडकडून चावे घेणारा. लिप्तोव भागातले हे गवंडी उन्हाळाभर ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यात लांबलांबवर बांधकामावर जायचे आणि थंडीत घरी यायचे. विटेला थापी लावतानाचा क्रोनेर पाहा. पुन्हा तेच. हात.

त्याचा दुसरा धंदा म्हणजे मासेमारी. नदीकाठी गळ टाकून बसणं हे त्याचं वेड होतं आणि त्यावर त्यानं लिहिलंही. आमचे घरमालक स्वतः व्हाह नदीवर गळ टाकणारे, त्यामुळे त्यांना क्रोनेरच्या नाटकांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. नाताळला इथे कार्प मासा लागतोच. बाजारातून जिवंत आणून दोन दिवस न्हाणीच्या टबात ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे. घरमालकांच्या मते बाजारचा कार्प आणणारा माणूस आणि नदीवरचा आणणारा माणूस या दोन वेगळ्या जाती, आणि क्रोनेर दुसऱ्या जातीचा. टबातला मासा दाखवत ते मला म्हणाले, ‘बघ, हा थांबतो. क्रोनेरसारखा.’ यावर मी काय बोलणार? पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, गळ टाकून तासन्‌तास न हलता बसणाऱ्या माणसालाच प्रेक्षकांसमोर एवढा वेळ काही न करता थांबता येत असेल.

१२ मार्च १९९८ला तो ब्रातिस्लाव्हात गेला. आठ दिवसांनी चौऱ्याहत्तर पूर्ण झाले असते.

आणि झुझाना. ही मुलगी आता सत्तरीच्या पुढे, आणि बाप कोण हे न सांगता ओळखली जाणारी. ब्रातिस्लाव्हाच्या आस्तोर्का थिएटरची नटी, चेक चित्रपटांतही तितकीच. ‘बाबा झ लेदू’ या २०१७च्या चेक चित्रपटात ती एक विधवा आजी झालीय, जी गोठवणाऱ्या नदीत पोहणाऱ्या मंडळींच्या नादी लागते. ‘बाबा’ म्हणजे चेकमध्ये म्हातारी. आमच्या घरी हे नाव सांगितल्यावर बराच गोंधळ झाला. या भूमिकेसाठी तिला चेक लायन मिळालं, म्हणजे तिकडचं सर्वोच्च. त्यात ती बर्फाच्या पाण्यात उतरते तो प्रसंग मी बापाची लकब शोधत पाहिला. चेहऱ्यात आहे थोडी. थांबण्यात नाही. तिचं थांबणं वेगळं आहे, त्यात पुढच्या क्षणी हसू फुटेल असं वाटत राहतं.

अण्णांनी ‘कोर्झो’ पाहावा म्हणून मी सहा महिने मागे लागलो होतो. ते आता अठ्ठ्याहत्तर आहेत, इंग्रजी तळओळी वाचायला वेळ लागतो, त्यात काळा-पांढरा, त्यात दोन तासांवर. शेवटी मे महिन्यात चिंचवडला सुट्टीवर गेलो तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि शेजारी बसून मी प्रत्येक ओळ मराठीत सांगत गेलो. पहिला अर्धा तास त्यांनी दोनदा विचारलं की गाणं कधी आहे. मग म्हातारीच्या दुकानात बर्तकोनं दुरुस्तीला हात घातला, आणि अण्णा पुढे सरकून बसले.

‘थांबव.’

मी थांबवलं.

‘मागे घे थोडं.’

मागे घेतलं. त्यांनी तो तुकडा तीनदा पाहिला. मला वाटलं आता अभिनयावर काहीतरी बोलतील, स्पर्धांच्या दिवसांतलं.

‘ह्याला सुतारकाम येत होतं का रे?’

मी म्हटलं, ‘अण्णा, हा नट आहे. तुमच्यासारखाच कारखान्यात होता आधी.’

‘ते ऐकलं मी. सुतारकाम येत होतं का, ते विचारतोय.’

मला सांगता येईना. अण्णांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला उठले. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, ‘लाव तू. म्हातारीचं काय होतं ते सांगू नकोस.’